पडून असलेली सायकल

मंडळी, आपल्याच गावात एकदा सहज चक्कर मारा आणि घरांच्या मागच्या अंगाला नजर टाका. चार-दोन घरी तरी जुनी सायकल दिसेलच. कोणाची गोठ्यात, कोणाची पडवीत, कोणाची न्हाणीच्या भिंतीला टेकलेली. हँडलवर कपडे वाळत असतात. सीटवर कोंबडी बसते. चाकांत हवा नाही, साखळीला गंज चढलेला. घरात मोटारसायकल आली आणि सायकल मागच्या दारी गेली.

भंगारवाला येतो. तो विचारतो, "मावशी, ती सायकल द्यायची का?" मावशी म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." संध्याकाळी धनी शेतातून येतात आणि म्हणतात, "राहू दे गं, लागेल कधीतरी." अशी पाच वर्षे जातात. सहाव्या वर्षी तीच सायकल लोखंडाच्या भावाने जाते.

सायकल विकावी की ठेवावी? प्रश्न लहान दिसतो. पण घरात पैशाची ओढाताण असली म्हणजे तो लहान राहात नाही. म्हणून त्याचा नीट विचार करू.

पहिली गोष्ट ही, की सायकल पडून राहिली म्हणजे तशीच राहात नाही. ती काही खात-पीत नाही, तिला वैरण लागत नाही, म्हणून आपल्याला वाटते की ठेवायला काय जाते? पण ती उभ्या उभ्या खराब होते. चाकातली हवा हळूहळू जाते. मग सायकलीचे सगळे वजन रिकाम्या टायरवर येते. टायर एकाच जागी दुमडतो आणि तिथे रबराला भेगा पडतात. आतली ट्यूब घडीवर चिरते. छर्र्यांतले ग्रीस वाळून घट्ट होते. ब्रेकचे रबर दगडासारखे होते. साखळीच्या कड्या गंजाने आखडतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रिम. जिथे आरे रिममध्ये शिरतात, तिथे पाणी साचते आणि गंज आतून खात जातो. वरून चकाकी दिसते आणि आत पत्रा पातळ झालेला असतो.

गोठ्यात ठेवलेली सायकल सर्वांत लवकर जाते. तिथे ओल असते, गोमूत्र असते. खताच्या पोत्यांजवळ ठेवली तरी तेच. खतात क्षार असतात, ते हवेतले पाणी ओढतात, आणि ते पाणी लोखंडाला खाते. दोन पावसाळे अशा जागी काढलेली सायकल आणि दोन पावसाळे कोरड्या सोप्यात काढलेली सायकल, दोन्ही शेजारी उभ्या करून बघा. सख्ख्या बहिणी म्हणून ओळखू यायच्या नाहीत.

म्हणून "राहू दे" म्हणण्यालाही पैसे पडतात. फक्त ते खिशातून जाताना दिसत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. सायकल वापरायची बंद का झाली, हे आठवा. पुष्कळदा कारण फार किरकोळ निघते. पंक्चर झाली, मिस्त्रीचे दुकान बाजाराच्या गावाला, तेवढ्यात सुगी आली, आणि ती राहिली ती राहिलीच. अशा सायकलीला निर्णयाची गरज नाही, तिला पंक्चर काढणारा पाहिजे. कधी कारण खरे असते. चालवणारा मुलगा पुण्याला कामाला गेला, किंवा म्हाताऱ्याचे गुडघे दुखू लागले, किंवा ज्याची सायकल होती तो माणूसच राहिला नाही.

कारण कळले की मग एकच प्रश्न विचारायचा: ही सायकल उद्यापासून कोण चालवील? 'कोणीतरी' हे उत्तर चालायचे नाही. माणसाचे नाव सांगायचे आणि तो कुठे जाईल तेही सांगायचे. नाव निघाले तर सायकल ठेवा. पंधरा दिवस घरात विचारूनही नाव निघाले नाही, तर विका. 'मुलगा मोठा झाला की चालवील' असे काही जण म्हणतात. मुलगा आठ वर्षांचा असेल तर थांबायला हरकत नाही. पण तो पाळण्यात असेल, तर तो मोठा होईतो सायकल उरणार नाही.

नाव शोधताना घरातली सगळी माणसे डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे सायकल म्हटले की आधी बाप्यांचीच नावे निघतात. मुलींची आणि बायकांची नावे मनात येतच नाहीत. "आमची सायकल पुरुषी आहे, मधे दांडी आहे, ती मुलींना कशी जमेल?" असे म्हणतात. याला उत्तर म्हणून एक खरी हकीकत सांगतो.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा एक जिल्हा आहे. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोठी चळवळ सुरू झाली. तुम्ही जसे अक्षर शिकलात, तशाच तिथल्या हजारो बाया शिकू लागल्या. शेतात मजुरी करणाऱ्या, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या अशा त्या बाया. त्या वेळी शीला राणी चुंकत नावाच्या बाई तिथे कलेक्टर होत्या. अक्षराबरोबर बायकांना सायकलही आली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. बायकांना सायकली घ्यायला बँकांकडून कर्जे मिळवून दिली. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा बायांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. आणि गंमत पाहा, कित्येकींना दांडीचीच सायकल जास्त आवडली. का? तर त्या दांडीवर लेकराला बसवता येते! लोक आधी हसले, टोमणे मारले. पण बाया पाण्याचे हंडे लावून, मागे धान्याचे ओझे बांधून सायकलीवरून जाऊ लागल्या, आणि मग हसणारे गप्प झाले.

तेव्हा दांडीचे कारण सांगू नका. आमच्या लहानपणी आम्ही पोरे तासावर भाड्याने सायकल आणत असू. ती असायची मोठ्या माणसाची. सीटवर पाय पुरत नसत, तर दांडीखालून पाय घालून अर्धे अर्धे पायडल मारत फिरत असू. गुडघे फुटले, पण शिकलो. आजच्या मुली सलवार घालून शाळेत जातात, त्यांना दांडीची काय अडचण?

शाळा दोन-तीन मैलांवर असली की चालत जायला तास लागतो. सायकलीवर वीस मिनिटे लागतात. सकाळ-संध्याकाळ मिळून मुलीचा सव्वा तास वाचतो. मी मुख्याध्यापक असताना एक गोष्ट दरवर्षी पाहिली. आठवीपर्यंत मुली यायच्या आणि नववीत वर्ग लहान व्हायचा. शाळा दुसऱ्या गावाला, वाटेत ओढा, हिवाळ्यात लवकर अंधार. घरचे म्हणायचे, "गुरुजी, पोरगी एवढी लांब चालत कशी धाडू?" आणि त्याच घराच्या मागे सायकल गंजत असायची. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारी मदत मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत जाऊन विचारा. मदत मिळाली तर चांगलेच. पण सायकल दारात असताना मदतीची वाट पाहत मुलीचे वर्ष घालवू नये.

मुलगी नसली तरी दुधाचे काम असते. त्याचा हिशेब मांडून पाहू. डेअरी दोन किलोमीटरवर आहे. सकाळी जाऊन-येऊन चार, संध्याकाळी चार, रोजचे झाले आठ किलोमीटर. महिन्याचे दोनशे चाळीस. मोटारसायकल एका लिटरला अठ्ठेचाळीस किलोमीटर जाते असे धरा. म्हणजे पाच लिटर पेट्रोल. लिटर शंभर रुपयांचे धरले तरी महिन्याला ५०० रुपये नुसत्या दुधाच्या फेऱ्यांत गेले. सायकलीला तेवढ्यासाठी हवा आणि थेंबभर तेल लागते. मी मोटारसायकल वाईट म्हणत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तर तीच पाहिजे. पण डेअरीला जायला तिची काय गरज?

आता सायकल चालवण्याजोगी आहे का, ते पाहायचे. हे काम अर्ध्या तासाचे आहे. सायकल उजेडात आणा. ओल्या फडक्याने धूळ पुसा. आधी सांगाडा बघा, कारण तोच सायकलीचा जीव आहे. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे रंगावर बारीक चीर दिसते का? नख फिरवून बघा. सांध्यात चीर असेल तर ती सायकल कोणालाही चालवायला देऊ नका, आणि चालवायची म्हणून विकूही नका. मग पुढचा चिमटा बघा. बाजूने पाहिल्यावर तो मागे रेललेला दिसला, तर सायकल कधीतरी जोरात आदळली आहे असे समजा. त्यानंतर चाक उचलून फिरवा. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर मिस्त्री आरे आवळून त्याचा आऊट काढतो, ते काम स्वस्त आहे. पण रिम गंजून खवले पडले असतील तर रिम बदलावी लागते, ते काम महाग. शेवटी पायडलचा दांडा धरून आत-बाहेर हलवा. खडखड हलला तर आतले छर्रे किंवा वाट्या गेल्या आहेत.

टायर, ट्यूब, साखळी, ब्रेकचे रबर, सीट या वस्तू जातच असतात. त्या पाहून घाबरू नका. देशी उभ्या सायकलीचे सामान अजून बाजारात मिळते. बहुतेक मोठ्या सायकलींना २८ × १½ मापाचा टायर बसतो. माप टायरच्या बाजूला उठावाच्या आकड्यांत लिहिलेले असते. दुकानात जाण्यापूर्वी ते वाचून कागदावर उतरवून घ्या. कंपनी बंद पडली म्हणूनही सायकल निकामी होत नाही. ॲटलास कंपनी १९५१ साली हरियाणात सोनिपतला निघाली आणि तिचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद झाला. तरी ॲटलासच्या जुन्या सायकलीला दुसऱ्याच्या कारखान्यातली साखळी आणि छर्रे बसतात, कारण मापे सारखीच आहेत.

मग सायकल मिस्त्रीकडे न्या. "किती होतील?" एवढेच विचारून थांबू नका. तो अंदाजाने काहीतरी सांगेल. त्याला म्हणा, "मिस्त्री, काय काय बदलायचे आणि कशाचे किती, ते एकेक सांगा, मी लिहून घेतो." आता तुम्हांला लिहिता येते, मग त्याचा उपयोग करा. यादी लिहिली की कोणते काम आजच पाहिजे आणि कोणते पुढच्या महिन्यात चालेल, तेही कळते. ब्रेक आणि टायर आजच पाहिजेत. घंटी आणि मडगार्ड थांबू शकतात. (घंटी नसली तर आमच्याकडची पोरे तोंडाने ओरडतात, ते पुरे होते.)

समजा यादीची बेरीज १४०० रुपये झाली. वरच्या हिशेबाने डेअरीचे महिन्याला ५०० वाचतात. म्हणजे तीन महिन्यांत खर्च निघाला. पुढचे वाचले ते आपले. पण चालवणारे माणूसच नसेल, तर १४०० घालून सायकल दुरुस्त करायची आणि मग विकायची, हा धंदा सहसा परवडत नाही. घेणारा तुमच्या नव्या टायरचे पुरते पैसे देत नाही. विकायचीच असेल तर पुसून, हवा भरून, आहे तशी विका.

किंमत ठरवताना एक गोष्ट मनातून काढा. सायकल घेतली तेव्हा किती पडले, हे विसरा. "मी चार हजाराला घेतली, पाचशेला कशी देऊ?" असे म्हणून पुष्कळ जण अडून बसतात. ते चार हजार सायकलीने केव्हाच फेडले. तुम्ही तिच्यावर बसून बाजाराला गेलात, पोराला शाळेत सोडलेत, भारे वाहिलेत. आज ती घेणाऱ्याच्या किती उपयोगाची आहे, तेवढीच तिची किंमत.

भंगारवाला वजनावर घेतो. जुनी उभी सायकल साधारण वीस किलो भरते. लोखंडाचा भाव समजा २५ रुपये किलो असेल, तर ५०० रुपये. त्या दिवशीचा भाव दोन ठिकाणी विचारा आणि काटा आपल्या डोळ्यांसमोर लावायला सांगा. पण भंगारवाला हा शेवटचा गिऱ्हाईक. त्याच्या आधी वीटभट्टीवरचे मजूर, ऊसतोडीला आलेली माणसे, शेतावरचा गडी, बाजारगावचा सायकलवाला यांना विचारा. ज्याला चालवायची आहे तो लोखंडाच्या भावापेक्षा जास्त देतो. त्यालाही ती नव्या सायकलीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आणखी एक पाहा. सायकल फारच जुनी, आजोबांच्या वेळची असेल, तर भंगारात देण्यापूर्वी हँडलखालचा बिल्ला वाचा. इंग्रजी अक्षरे असतील तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. पूर्वी इंग्लंडहून सायकली येत. रॅले, हंबर, बी.एस.ए. ही त्यांची नावे. रॅलेच्या पुढच्या दात्याच्या चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असतात. हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या असतात. बी.एस.ए.च्या चक्रात तीच तीन इंग्रजी अक्षरे असतात. अशा सायकली हौसेने जमवणारे लोक आहेत. पुण्यात तर जुन्या सायकलींचे संग्रहालयच आहे. अशी सायकल मूळच्या भागांसकट असेल तर ती वजनावर देऊ नका. मात्र तिला नवा रंगही फासू नका. हौशी माणसाला जुना रंगच पाहिजे असतो. आणि प्रत्येक गंजकी सायकल मोलाची असते असेही नाही. चक्रावर काही खूण नसेल तर ती साधी सायकल आहे, तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधत वर्ष घालवू नका.

आता थोडे अवघड बोलतो. काही सायकली वडिलांच्या असतात. वडील गेले, सायकल राहिली. एका शेतकऱ्याच्या घरी असाच प्रश्न निघाला होता. मोठा भाऊ म्हणाला, "आबांची सायकल आहे, विकायची नाही." धाकटा म्हणाला, "दादा, आबा रोज फडक्याने पुसायचे तिला. आज तिच्यावर शेणाच्या पाट्या ठेवल्यात. ही आठवण ठेवायची रीत झाली का?" मोठा काही बोलला नाही. मग त्यांच्या आईच म्हणाल्या, "थोरल्याच्या पोरीला द्या. तिच्या आज्याची आहे, ती जपेल." ज्याच्या घरी असे माणूस आहे त्याने असेच करावे. नसेल आणि विकवत नसेल, तर कोरड्या सोप्यात तुळईला टांगावी, पुसावी, आणि हिशेबाच्या वहीत तिचा विषय मिटवून टाकावा. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूला 'उपयोगी पडेल' असे खोटे कारण चिकटवू नये. पण घरात औषधाला पैसे नाहीत, आणि आठवण म्हणून सायकल गंजते आहे, हे आबांनाही आवडले नसते.

ठेवायची ठरली तर महिन्यातून एकदा हवा भरा आणि साखळीला मशीनचे तेल द्या. घरातले गोडेतेल घालू नका. ते चिकट होऊन माती धरते. रिमला आणि ब्रेकच्या रबराला मात्र तेल लागू देऊ नका, ब्रेक लागायचा नाही.

विकायची ठरली तर कागद करा. मोटारसायकलीसारखे सायकलीला सरकारी पुस्तक नसते. पूर्वी शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत, ते दिवस गेले. म्हणून सायकल कोणाची, हे सांगायला तुमच्या हातची पावती हाच पुरावा. उद्या त्या सायकलीवरून कोणी चोरी केली आणि लोक म्हणाले, "ही तर अमक्याची सायकल", तर पावती उपयोगी पडते. घेणाऱ्यालाही ती पाहिजे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे हा गुन्हा आहे. पावती असली म्हणजे त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही.

सायकलीचा नंबर सांगाड्यावर ठोकलेला असतो. तो सीटच्या खाली सांध्याजवळ असतो, किंवा सायकल उलटी केली तर पायडलच्या मधल्या गोल नळीवर असतो. मळ बसला असेल तर डिझेलच्या फडक्याने पुसा आणि वरून खडू घासा. आकडे पांढरे उठून दिसतात. मग पावती अशी लिहा:

"मी ........, राहणार ........, माझी जुनी ........ कंपनीची सायकल, नंबर ........, आज तारीख ........ रोजी, राहणार ........ येथील ........ यांना जशी आहे तशी रुपये ........ (अक्षरी ........) घेऊन विकली. पैसे रोख मिळाले. सायकल माझ्या मालकीची आहे."

खाली दोघांच्या सह्या आणि एका साक्षीदाराची सही. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा. पाच हजारांपर्यंतच्या रकमेला रेव्हेन्यू तिकीट लागत नाही. अशा दोन पावत्या करा, एक त्याला, एक आपल्याला. अंगठा लावू नका, सही करा. सायकलीत काही दोष ठाऊक असेल, ब्रेक सैल असेल किंवा चिमटा वाकलेला असेल, तर तो पैसे घेण्याआधी तोंडाने सांगा आणि पावतीतही लिहा. घेणाराही कदाचित आपल्या पोराला तिच्यावर बसवणार असेल.

पैसे मोजून घेतले की कुलपाची किल्ली द्या. दोन किल्ल्या असतील तर दोन्ही द्या.